ओट्यावरचे मीठ

दिनांक ९ जुलै २०१५, गुरुवार, सायंकाळी ४ वाजून ४० मिनिटांपासून. अर्जाच्या चौकशीकामी घेतलेला जबाब.

मी, काशिराम बाळू घरत, वय अंदाजे ७१ वर्षे, शाळेच्या दाखल्यावर ६९ आहे तो दाखला चुकीचा आहे, धंदा सध्या काही नाही, पूर्वी मिठागरात मजुरी व नंतर गोदामावर वॉचमन, शिक्षण तिसरी, राहणार ओवे गाव, तालुका पनवेल. पोलीस ठाण्यात स्वतः हजर राहून विचारल्यावरून सांगतो ते असे.

मी वरील पत्त्यावर पत्नी रंभा, वय ६५, हिच्यासह राहतो. धनेश नामदेव म्हात्रे, राहणार कामोठे, यांनी माझ्याविरुद्ध दिलेला अर्ज मला आज वाचून दाखवण्यात आला. तो मी दोनदा वाचायला लावला, कारण पहिल्या वेळी माझे लक्ष कायद्याच्या नावावर अडकले होते. अर्जात असे म्हटले आहे की, मी व माझ्या पत्नीने त्यांचा पनवेलमधील फ्लॅट सोडताना आत अघोरी प्रकार करून ठेवला, त्यामुळे तिथे नवीन भाडेकरू यायला तयार नाही, तरी जादूटोण्याच्या नवीन कायद्याखाली आमच्यावर कारवाई व्हावी आणि तोपर्यंत आमचे डिपॉझिट त्यांच्याकडेच राहावे. यातले शेवटचे वाक्य खरे आहे, म्हणजे धनेशच्या मनातले आहे. बाकीचे त्या वाक्यासाठी लिहिलेले आहे.

या कायद्यात किती वर्षे आत टाकतात, असे मी हवालदार साहेबांना विचारले. त्यांनी सांगितले की आधी जबाब द्या. मी पुन्हा विचारले. त्यांनी पुन्हा तेच सांगितले. म्हणून जबाब देतो.

गेल्या वर्षी आमचे ओव्याचे घर नवीन बांधायला पाडले. वर्षभर राहायला जागा पाहिजे होती. धनेशचा उरण नाक्याच्या आतल्या गल्लीत दुसऱ्या मजल्यावर फ्लॅट आहे असे कळल्यावरून मी त्याच्याकडे गेलो. त्याचा बाप नामदेव आणि मी एकाच आगरात तीस वर्षे मीठ ओढत होतो. नामदेव कामाला माझ्यापेक्षा चांगला होता. त्याच्या मुलाला सरकारने घेतलेल्या जमिनीच्या बदल्यात साडेबारा टक्क्यांचा भूखंड मिळाला, त्यावर बिल्डिंग झाली आणि त्यातून पनवेलचा हा फ्लॅट आला. नामदेवचा मुलगा म्हणून मी त्याला अरे-तुरे बोललो. तो मला अंकल म्हणाला. मी म्हटले, "काका बोल, तुझ्या बापाचा मी दोस्त." तो म्हणाला, "अंकल म्हणजे तेच ना." अकरा महिने तो अंकलच म्हणत होता.

डिपॉझिट पन्नास हजार ठरले. एवढे पैसे माझ्याकडे नव्हते, घराच्या कामात गेले होते. रंभाने हातातल्या पाटल्या काढून दिल्या. त्या पनवेल बाजारातल्या सराफाकडे दिनांक ९ जुलै २०१४ रोजी एक वर्षाच्या मुदतीने गहाण ठेवल्या. मुदतीत सोडवल्या नाहीत तर मोडीत जातील असे सराफाने सांगितले होते व चिठ्ठीवर लिहून दिले होते. ती मुदत आज संपते. पाटल्या रंभाला तिच्या आईने दिलेल्या होत्या. याबद्दल मला आणखी काही सांगायचे नाही.

करारनामा दिनांक १० जुलै २०१४ पासून अकरा महिन्यांचा झाला. धनेशने आम्हाला किल्ली दिली आणि दाराच्या मागे एक इंग्रजी कागद चिकटवला. शेजारच्या कुमुदबाई शिकवण्या घेतात, त्यांनी तो आम्हाला वाचून दाखवला. भिंतीला खिळा ठोकू नये. गॅलरीत सुकट वाळत घालू नये. जास्त पाहुणे बोलावू नयेत. जास्त म्हणजे किती, ते लिहिलेले नव्हते, त्यामुळे माझी बहीण मालू दिवाळीला आली तेव्हा मी दोन दिवस धास्तीत होतो. धनेश दर महिन्याच्या एक तारखेला सकाळी यायचा, भाडे घ्यायचा आणि मोबाइलवर नळांचे फोटो काढायचा. बाथरूमचा एक, मोरीचा एक, स्वयंपाकघराचा एक. माणसाचे फोटो काढतात, देवाचे काढतात, हे मला माहीत आहे. नळाचे फोटो काढणारा माणूस मी त्याआधी पाहिला नव्हता. रंभा त्याला दर वेळी चहा द्यायची. तो साखर कमी आहे का विचारायचा आणि प्यायचा.

हवालदार साहेबांनी विचारल्यावरून सांगतो की, भाडे एकदाही थकले नाही. सर्व पावत्या व लाइटची बिले माझ्याजवळ दुधाच्या धुतलेल्या पिशवीत आहेत. ती पिशवी मी हजर केली आहे.

घराचे काम रंगापर्यंत आले म्हणून आम्ही दिनांक ७ जून, रविवारी फ्लॅट सोडला. सामान टेम्पोने सकाळीच गेले. धनेश अकराच्या सुमारास आला. त्याने खिशातून पांढरा रुमाल काढला, स्टुलावर चढून पंख्याच्या पात्यावरून फिरवला आणि मला दाखवला. मी म्हटले, रुमाल चांगला आहे. त्याला ते आवडले नाही. मग त्याने भिंतीवरची भोके मोजली आणि नऊ भोके आहेत असे म्हणाला. आम्ही सात खिळे मारले होते. रंभाने ते काढून काड्यापेटीत ठेवले होते. मी काड्यापेटी उघडून दाखवली आणि म्हटले, "हे आमचे सात. दोन आधीच्याचे असतील."

तो म्हणाला, "अंकल, आधीच्याचे असते तर मी त्याच्याकडून कापले असते."

मला हे त्याच्याबाबतीत पटले, म्हणून मी काड्यापेटी बंद केली. डिपॉझिटचे विचारले. तो म्हणाला, "आठ दिवसांत करतो. टेन्शन नका घेऊ." मला टेन्शन आहे असे मी त्याला सांगितले. तो हसला आणि पुढची भोके बघायला आतल्या खोलीत गेला.

आता अर्जातल्या वस्तूबद्दल सांगतो. धनेश आतल्या खोलीत असताना रंभाने स्वयंपाकघराच्या ओट्यावर बदामाचे एक पान ठेवले, त्यावर मूठभर मीठ ठेवले, मिठाला कुंकवाचे बोट लावले आणि बाजूला एक पणती लावली. मंत्र म्हटला नाही. आमच्यात राहते घर सोडताना बाई असे मीठ ठेवते. येणाऱ्याला घर रिकामे मिळू नये, पहिल्या दिवशी चूल पेटवली तर निदान मीठ तरी घरात असावे, एवढाच त्याचा अर्थ आहे. हे आमच्या आगरवाल्यांच्या घरात सगळ्यांना माहीत आहे. धनेशलाही माहीत असेल असे रंभाला वाटले. ती तिची चूक झाली.

मीठ कुठले, असे हवालदार साहेबांनी विचारले. आमचे आगर बंद होऊन अकरा-बारा वर्षे झाली. शेवटच्या पिकातले थोडे मीठ रंभाने चिनीमातीच्या बरणीत ठेवले होते. सणाला चिमूटभर काढायची. त्या दिवशी तिने बरणीत हात घातला तेव्हा बरणीत तेवढेच होते.

आम्ही पायऱ्या उतरलो. धनेशने बाहेरून कुलूप लावले. त्याने त्या दिवशी ओटा पाहिला नाही. पंखा मात्र पाहिला.

आठ दिवस झाले, पैसे आले नाहीत. दिनांक १६ जूनला मी कामोठ्याला त्याच्या बिल्डिंगवर गेलो. खाली वॉचमनच्या वहीत नाव, वेळ आणि कशासाठी आलात ते लिहावे लागते. मला लिहायला वेळ लागतो म्हणून वॉचमनने लिहिले. परत निघताना मी पाहिले तर कशासाठी या रकान्यात त्याने 'प्लंबर' लिहिले होते. धनेश घरी नव्हता. मी दुसऱ्या दिवशी गेलो, तिसऱ्या दिवशी गेलो. तिन्ही दिवस मी प्लंबर होतो आणि तिन्ही दिवस तो घरी नव्हता, पण त्याची गाडी खाली होती.

दिनांक २० जूनला सकाळी त्याचाच फोन आला. आवाज घाबरलेला होता. तो म्हणाला, "अंकल, तुम्ही माझ्या फ्लॅटमध्ये काय करून ठेवलंय?"

मी म्हटले, "काय केलंय?"

"एजंट पार्टी घेऊन गेला होता. नवीन लग्न झालेलं जोडपं. दार उघडलं आणि ती मुलगी किंचाळली. कुंकू आहे, दिवा आहे, पांढरं काहीतरी आहे. पळून गेले ते. माझी प्रॉपर्टी डिव्हॅल्यू झाली अंकल."

मी म्हटले, "अरे, मीठ आहे ते. रंभाने ठेवलं. उचल आणि मोरीत टाक."

तो म्हणाला, "मी हात नाही लावणार. मी एका बुवाला दाखवून आलो. तो म्हणतो ज्यांनी ठेवलं त्यांनीच उचलायचं, नाहीतर माझ्यावर येणार. तुम्ही या आणि घेऊन जा. त्याच्याशिवाय डिपॉझिट मिळणार नाही, उलट जादूटोण्याच्या नवीन कायद्यात कम्प्लेंट करीन. तसं बघितलं तर तुमचं सामान अजून माझ्या फ्लॅटमध्येच आहे, म्हणजे तुम्ही पझेशन दिलेलंच नाही."

धनेश इंजिनिअर आहे असे तो सांगतो. गाडीच्या मागच्या काचेवरही तसे लिहिलेले आहे. तो पानावरच्या मिठाला घाबरला, हे मला त्या वेळी खरे वाटले नाही. पैसे दाबायचे निमित्त असेल असे वाटले. आता मला वाटते की दोन्ही होते. भीती खरी होती, आणि तिचा फायदा कसा होईल तेही त्याने त्याच दिवशी शोधले.

मी खरे सांगतो, मी मीठ उचलून आणायला तयार होतो. मला झोप येत नव्हती. मुदत जवळ आली होती. कायद्याचे ऐकल्यापासून दारावर कुणी आले तरी पोलीसच आले असे वाटायचे. मी रंभाला तसे म्हटले. ती तांदूळ निवडत होती. ती म्हणाली, "ठेवलेला मीठ परत उचलायचा नसतो. उचलला की त्या घरान खाल्लेला सगला फुकट गेला. वरीसभर जेवलाव आपून तिथं."

मी म्हटले, "आणि पाटल्या?"

ती म्हणाली, "पाटल्या माज्या हायत. त्यांचा मी बघीन. तुमाला जायचा तर जा, पन त्या मीठ घेऊन ह्या घरान येव नका."

मी गेलो नाही. तिच्या हातात तेव्हा प्लास्टिकच्या हिरव्या बांगड्या होत्या, आजही त्याच आहेत.

त्यानंतर धनेशने पोलीस ठाण्यात अर्ज दिला. अर्जावर त्याने शिक्षण, नोकरी व फ्लॅटचे क्षेत्रफळ सगळे लिहिले आहे. मीठ हा शब्द कुठेही लिहिलेला नाही. 'संशयास्पद पांढरा पदार्थ' असे लिहिले आहे.

काल दिनांक ८ जुलै रोजी सकाळी साडेदहाच्या सुमारास हवालदार साहेब आम्हा सर्वांना फ्लॅटवर घेऊन गेले. मी व रंभा रिक्षाने गेलो. धनेश गाडीने आला आणि सोबत त्याची आई गोदू हिला घेऊन आला. गोदूवहिनीचे वय ऐंशीच्या पुढे असेल. तिला त्याने नुसते फ्लॅट बघायला चल असे सांगितले होते. गाडीत मात्र लिंबे होती. आईच्या हातून काहीतरी उतरवून घ्यावे असा त्याचा बेत होता, हे मला नंतर कळले.

दुसऱ्या मजल्यावर गेल्यावर हवालदार साहेब म्हणाले, "म्हात्रे, कुलूप उघडा."

धनेशने किल्ली लांबूनच पुढे केली. "तुम्हीच उघडा साहेब. मला बीपी आहे." असे म्हणून तो सात-आठ पायऱ्या खाली जाऊन उभा राहिला. कुमुदबाई शेजारच्या दारात आल्या होत्या. त्या म्हणाल्या, "काय हो, नळाचे फोटो काढायला आत नाही जायचं आज?" तो आणखी एक पायरी खाली उतरला.

हवालदार साहेबांनी दार उघडले. महिनाभर खिडक्या बंद होत्या, दमट वास आला. हवालदार साहेब रुमाल नाकाला लावून आत गेले, मागून आम्ही तिघे. ओट्यावर बदामाचे पान वाळून तपकिरी झाले होते. पणती कोरडी होती. पानाखाली आणि भोवती कडाप्प्यावर पाणी साचले होते व पाण्याच्या कडेला पांढरी रेघ होती. मीठ नव्हते.

हवालदार साहेब मला म्हणाले, "घरत, यात मीठ कुठं आहे?"

मी सांगितले, "पाणी झालं साहेब. आगराचं जाडं मीठ, पावसाळी हवा आणि बंद खिडक्या. महिना कसला टिकतं."

मी ते तीनदा सांगितले, कारण त्यांचा विश्वास बसला नाही तर काय, अशी मला भीती वाटली. मी तीस वर्षे ज्याची पाण्यातून रास केली, ते परत पाणी झालेले मला ओळखू येते. हे मी त्यांना बोललो नाही, आता बोलतो.

तोपर्यंत गोदूवहिनी ओट्याजवळ आली. तिने पाण्यात बोट बुडवले आणि जिभेला लावले. धनेश वरच्या पायरीवर येऊन उघड्या दारातून बघत होता, तो ओरडला, "आये! तोंडान नको घालू!" एरवी तो आईला मम्मी म्हणतो.

गोदूवहिनी म्हणाली, "मीठ हाय ह्या. आगराचा. कोनी ठेवलाय?"

रंभा म्हणाली, "मी ठेवलाय."

"कनच्या आगराचा गो?"

"आपल्याच. शेवटच्या पिकाचा."

गोदूवहिनीने बोट पुन्हा पाण्यात बुडवून जिभेला लावले. मग तिने विचारले, "अजून हाय काय घरान?" रंभाने मान हलवून नाही सांगितले. मग त्या दोघी तिथेच रिकाम्या फरशीवर बसल्या. हवालदार साहेब उभे होते, मी उभा होतो.

गोदूवहिनीने धनेशला आत बोलावले. तो दारापर्यंत आला, उंबऱ्याच्या बाहेर थांबला. ती त्याला जे बोलली ते हवालदार साहेबांनी मला तसेच सांगायला लावले आहे. ती म्हणाली, "मी लगीन करून आयले तवा तुज्या बापाची खोली भाड्याची होती. चूल पेटवली, घरान कायव नव्हता. फलीवर पानान मीठ होता, आदल्या बाईनी ठेवलेला. कोन ती बाई, मी कंदी बघितली नाय. तिच्या मिठान पैला भात रांदला मी तुज्या बापाला. आनि तू मिठावर पोलीस आनलास?"

धनेश म्हणाला, "मला कुणी सांगितलं नाही ना. यांनी तशी चिठ्ठी लिहून ठेवायची."

कुमुदबाई दारातून म्हणाल्या, "इंग्रजीत का?"

मग हवालदार साहेबांनी त्याला विचारले की, तुम्ही फोनवर ज्या बुवाचे बोललात असे घरत सांगतात तो बुवा कोण, त्याने पैसे किती घेतले आणि काय करायला सांगितले, कारण कायदा त्याच माणसाला लागतो. तो कोण ते धनेशला आठवेना. जागा पण आठवेना. महिनाभरापूर्वी पाहिलेली भिंतीतली भोके मात्र नऊ होती, हे त्याला लगेच आठवले. अर्ज मागे घेतो असे तो म्हणाला.

एवढ्यावर थांबला असता तर तो धनेश नसता. आत येऊन त्याने ओट्याकडे पाहिले आणि म्हणाला, "पण साहेब, कडाप्प्याला डाग पडलाय. पॉलिशचे कापावे लागतील." गोदूवहिनी उठली. तिने पदराचे टोक त्या पाण्यावरून एकदा फिरवले. डाग गेला. तिने पदर पिळला आणि म्हणाली, "आनखी कुठं डाग हाय?" धनेशने आणखी डाग दाखवला नाही. पान व पणती गोदूवहिनीने स्वतःच्या पिशवीत ठेवली. मीठ आम्ही उचलले नाही, हे लिहावे. ते तिथेच संपले.

आज सकाळी अकरा वाजता आम्हा दोघांना पुन्हा ठाण्यात बोलावले. धनेशने चेक आणला होता. चेकवर पुढच्या महिन्याची तारीख होती. मी मुदतीचे सांगितले. तो म्हणाला, "अंकल, सिस्टीमने जाऊ ना." मी सराफाची चिठ्ठी पिशवीतून काढून हवालदार साहेबांना दाखवली. ते वाचत होते तेवढ्यात गोदूवहिनी, जी आज कुणी न बोलावता त्याच्या गाडीत बसून आली होती, बाकावरून म्हणाली, "धन्या, बँकेन जा. मी हितंच बसलेय. तू येईपर्यंत जेवनार नाय." धनेश बँकेत गेला. तो चार वाजता आला. बँकेत गर्दी होती असे म्हणाला. गोदूवहिनी तोपर्यंत पाणीसुद्धा प्यायली नव्हती. मला वाटते त्याने बाहेर जेवण केले, कारण त्याच्या शर्टावर रस्सा होता. पण हे मी पाहिलेले नाही, म्हणून खात्रीने सांगत नाही.

डिपॉझिटची पूर्ण रक्कम मला रोख मिळाली. त्याने काही कापले नाही. नोटा हवालदार साहेबांसमोर रंभाने मोजल्या. मी सात खिळ्यांची काड्यापेटी धनेशला दिली. तो नको म्हणेल असे वाटले होते. त्याने पेटी उघडून खिळे पाहिले आणि पेटी खिशात ठेवली.

माझी धनेश म्हात्रे यांच्याविरुद्ध तक्रार नाही. माझ्या मनात त्याच्याबद्दल काय आहे ते विचारलेले नाही, म्हणून सांगत नाही.

जबाब सुरू होण्याआधी तो मला बाहेरच्या पायरीवर बाजूला घेऊन बोलला, तेही सांगतो. तो म्हणाला, "काका, रविवारी नवीन पार्टी येणार आहे. आई म्हणते ओटा रिकामा ठेवू नको. तुमच्याकडे थोडं मीठ असेल का? पैसे देतो."

मी म्हटले, "बरणी रिकामी आहे. वाण्याकडे पिशवी मिळते."

तो म्हणाला, "कुठल्या कंपनीची घेऊ?"

मी जबाब द्यायला आत आलो.

आता घड्याळात सहाला दहा कमी आहेत. सराफ साडेसहाला दुकान बंद करतो. ठाण्यापासून बाजारात चालत पंधरा मिनिटे लागतात, माझ्या पायांनी वीस. चिठ्ठी माझ्या नावाची आहे, म्हणून मला जावे लागते. रंभा पैशांची पिशवी घेऊन बाहेर पायरीवर उभी आहे. गोदूवहिनीने तिला बाकावर जागा करून दिली होती, पण ती बसलेली नाही.

वरील जबाब मला माझ्या भाषेत एकदा वाचून दाखवला. मी सांगितले तसाच लिहिला आहे. दुसऱ्यांदा वाचून दाखवू का, असे हवालदार साहेबांनी आपणहून विचारले. गरज नाही, बरोबर आहे. सही कुठे करायची ते दाखवावे.

काशिराम बाळू घरत